घोटाघोटाचा हिशेब : वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पाणी

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय घरात निघाला की नातेवाइकांना धास्ती वाटते ती भुलीची, रक्तस्रावाची, आतले टाके सुटण्याची. या गुंतागुंती गंभीर आहेत, पण तुलनेने विरळ. घरी गेलेला रुग्ण महिनाभरात परत रुग्णालयात येतो, तेव्हा त्यामागे बरेचदा मळमळ, उलट्या आणि त्यातून झालेले डिहायड्रेशन असते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय नोंदणी-कार्यक्रमात पहिल्या तीस दिवसांच्या गुंतागुंतींबरोबर ‘डिहायड्रेशनसाठी बाह्यरुग्ण म्हणून उपचार करावे लागले का’ याचीही स्वतंत्र नोंद होते.

पुरेसे पाणी प्यायला हवे, याबद्दल कोणाचेच दुमत नाही. मतभेद आहेत ते ‘पुरेसे’ म्हणजे किती, ते कोणत्या रूपात आणि कोणत्या वेळी घ्यायचे, तोंडावाटे जमले नाही तर सलाईन केव्हा लावायचे आणि घरी गेलेल्या रुग्णावर लक्ष कोणी ठेवायचे, याबद्दल. या चर्चेत आजवर काय ठरले आणि काय ठरायचे आहे, ते येथे क्रमाने पाहू.

पार्श्वभूमी : आतड्यातून जाणारे पाणी ते पोटात न मावणारे पाणी

या शस्त्रक्रियांच्या इतिहासात पाण्याचा प्रश्न सुरुवातीपासून आहे, फक्त त्याचे स्वरूप बदलले. १९५४मध्ये मिनेसोटातील क्रेमेन, लिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळणारी जोडणी मांडली. पुढच्या काळात अशा जोडण्या बऱ्याच रुग्णांवर झाल्या. वजन झपाट्याने उतरे, पण जुलाब थांबत नसत. पाणी आणि क्षार शरीराबाहेर जात, मूतखडे होत, काहींचे यकृत निकामी होई. त्यामुळे ती पद्धत मागे पडली. १९६६मध्ये आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी जठराला वळसा घालणारी बायपास शस्त्रक्रिया केली आणि भर जठर लहान करण्याकडे वळला. १९९०च्या दशकात दुर्बिणीतून बायपास होऊ लागला. नंतर स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी आली. आधी ती एका मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा होती, पुढे स्वतंत्रपणे केली जाऊ लागली. आज जगात सर्वाधिक होणारी शस्त्रक्रिया हीच.

या प्रवासात दोन गोष्टी बदलल्या. एक, पाणी आतड्यातून निसटण्याऐवजी मुळात पोटात मावेनासे झाले. दोन, रुग्णालयातला मुक्काम घटला. पोट उघडून होणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर सलाईनवर राहणारा रुग्ण आता एक-दोन दिवसांत, भारतात बहुधा दोन-तीन दिवसांत, घरी जातो. म्हणजे पाणी पिणे सर्वांत अवघड असते तेच दिवस तो घरी काढतो.

शस्त्रक्रिया कोणाची करावी, याचे निकषही सैल होत गेले. १९९१च्या अमेरिकी निकषांत बीएमआय ४० किंवा सहव्याधी असल्यास ३५ ही रेषा होती. आशियाई लोकांमध्ये कमी वजनावरही मधुमेह आणि हृदयविकार दिसतात, म्हणून भारतात ३७.५ आणि ३२.५ हे आकडे रूढ झाले. २०२२च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी ते आणखी खाली आणले. त्यामुळे पात्र रुग्णांची संख्या वाढली आणि पाण्याचा प्रश्न मूठभर लोकांपुरता उरला नाही.

शरीरात नेमके काय घडते

निरोगी माणसाचे जठर जेवणाच्या वेळी सहज एक लिटरपर्यंत ताणले जाते. स्लीव्हमध्ये त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात. उरते ती शे-दीडशे मिलिलिटरची अरुंद नळी. बायपासमध्ये वरची पिशवी सुमारे ३० मिलिलिटरची असते. पहिल्या काही दिवसांत स्टेपलच्या रेषेभोवती सूज असते, त्यामुळे ही जागाही पुरती वापरता येत नाही. त्यातच भुलीमुळे आणि वेदनाशामकांमुळे मळमळ. काहींना पाण्याची चव धातूसारखी लागते आणि आवडीने प्यायलेले पाणी नकोसे होते.

गरज मात्र घटत नाही. आपल्या रोजच्या पाण्यापैकी सुमारे २० ते ३० टक्के वाटा अन्नातून येतो. भात, भाजी, आमटी, फळे हे सारे त्यात धरलेले असते. शस्त्रक्रियेनंतर खाणे थोडेसेच राहते, त्यामुळे हा वाटाही जवळजवळ बंद होतो. शिवाय उपासमारीच्या पहिल्या दिवसांत शरीर यकृत आणि स्नायूंतले ग्लायकोजेन वापरते. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते, ते सुटे होऊन लघवीवाटे जाते. इन्शुलिनची पातळी उतरली की मूत्रपिंडे सोडियमही जास्त सोडतात. पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारी मोठी घट काही प्रमाणात याच पाण्याची असते. दिवसाला ६० ग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रथिने घ्यायला सांगितलेली असतात, त्यांतून तयार होणारे युरिया बाहेर टाकायलाही पाणी लागते.

तिसरा घटक औषधांचा. शस्त्रक्रियेआधी रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल आणि ती तशीच चालू राहिली, तर घटलेल्या पाण्यात आणखी घट होते. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, तिच्याबरोबर पाणीही जाते. अशा रुग्णात रक्तातली साखर फारशी न वाढताही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्त आम्लधर्मी होण्याचा विकार, होऊ शकतो. म्हणून या गोळ्या शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी थांबवतात. रक्तदाबाच्या औषधांचा फेरविचार डिस्चार्जच्या वेळीच करावा, यावरही बहुतेक तज्ज्ञांचे एकमत आहे.

पाणी कमी पडण्याचे परिणाम चक्कर आणि थकव्यापासून सुरू होऊन मूत्रपिंडांना इजा होण्यापर्यंत जातात. स्लीव्हनंतर क्वचित आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरांत गुठळी होते. तिच्या कारणांच्या यादीत डिहायड्रेशनचे नाव येते, पण एकटे तेच कारणीभूत असते असे कोणी ठामपणे म्हणत नाही.

किती : दीड लिटरचा आकडा कोठून आला

जगभरच्या पत्रकांत सर्वांत जास्त दिसणारा आकडा आहे दिवसाला किमान दीड लिटर. अमेरिकी रुग्णालये तो औंसांत सांगतात आणि बरीचशी ६४ औंसांचे, म्हणजे सुमारे १.९ लिटरचे, लक्ष्य देतात. अमेरिकेतल्या प्रमुख वैद्यकीय संघटनांच्या संयुक्त मार्गदर्शिकेतही दीड लिटरहून अधिक द्रव घ्यावे, ते सावकाश घ्यावे आणि जेवणानंतर किमान अर्ध्या तासाने घ्यावे, असे सांगितले आहे. त्याच मार्गदर्शिकेच्या २०१३च्या आवृत्तीत या शिफारशीला ‘डी’ श्रेणी दिली होती. म्हणजे तिचा आधार चाचण्यांपेक्षा तज्ज्ञांच्या अनुभवाचा आहे.

या आकड्याचे समर्थक म्हणतात की तो सोपा आणि लक्षात राहणारा आहे, आणि बहुतेकांना गंभीर डिहायड्रेशनपासून दूर ठेवतो. पहिल्या आठवड्यात १२० किलोच्या पुरुषाला एक आणि ८५ किलोच्या स्त्रीला दुसरा आकडा देत बसलो, तर गोंधळच वाढेल, असेही त्यांचे म्हणणे.

शंका घेणाऱ्यांचे मुद्दे तीन आहेत. पहिला, शरीराच्या वजनावरून पाणी काढण्याची नेहमीची पद्धत, किलोमागे ३० ते ३५ मिलिलिटर, येथे फसते. स्नायूंत सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते, चरबीत फारच कमी. त्यामुळे प्रत्यक्ष वजन धरले तर गरज फुगवून दिसते आणि ‘आदर्श’ वजन धरले तर ती कमी भरण्याची शक्यता असते. मधले समायोजित वजन वापरावे असे काही आहारतज्ज्ञ सुचवतात, पण त्यावर सर्वमान्य सूत्र नाही.

दुसरा मुद्दा हवामानाचा. वातानुकूलित घरात आणि कचेरीत राहणाऱ्यांसाठी पुरेसा ठरणारा आकडा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या नागपूर-चंद्रपूरच्या रुग्णाला पुरेल का? घामातून जाणारे पाणी आणि मीठ दोन्ही येथे वाढते. उन्हाळ्यात आकडा वर न्यावा असे अनुभवी डॉक्टर सांगतात, पण किती वर, हे ज्याचे त्याने ठरवावे लागते.

तिसरा मुद्दा मूतखड्यांचा. बायपासनंतर न पचलेली चरबी आतड्यातल्या कॅल्शियमशी बांधली जाते, मग मोकळे राहिलेले ऑक्झलेट शोषले जाऊन लघवीत उतरते. अशा रुग्णांना नुसते डिहायड्रेशन टाळणे पुरत नाही. खडे टाळण्यासाठी दिवसाला अडीच लिटर लघवी व्हावी, असे मूत्ररोगतज्ज्ञांचे लक्ष्य असते. पहिल्या महिन्यात ते अशक्यप्राय आहे. म्हणून काही जण सुचवतात की एकच आकडा न देता टप्पे द्यावेत : पहिल्या आठवड्यासाठी एक, तिसऱ्या महिन्यासाठी दुसरा आणि पुढच्या आयुष्यासाठी तिसरा.

मोजायचे काय, याविषयीही एकवाक्यता नाही. काही केंद्रे फक्त पाणी आणि साखर नसलेली पेये मोजतात. काही ताक, सूप, प्रोटीनचे पेय, डाळीचे पाणी हे सारे धरतात. पहिल्या द्रव-आहाराच्या टप्प्यात सगळेच पातळ असते, तेव्हा दुसरी पद्धत अधिक वास्तववादी वाटते. घट्ट अन्न सुरू झाल्यावर मात्र पहिली पद्धत पाणी पिण्याची सवय टिकवते, असे तिचे समर्थक म्हणतात.

कसे आणि केव्हा : घोट, अर्धा तास आणि स्ट्रॉ

पहिल्या दिवसांतली पद्धत जवळपास सगळीकडे सारखी आहे. औषधाच्या मापातले ३० मिलिलिटर पाणी पंधरा मिनिटांत संपवायचे आणि मग पुढचे माप घ्यायचे. तासाला १२० मिलिलिटर या वेगाने दीड लिटर व्हायला साडेबारा तास लागतात. दुपारची झोप, दवाखान्याची फेरी, घरी भेटायला आलेली माणसे यांत दोन तास गेले की हिशेब चुकतो. म्हणूनच शेजारी बाटली ठेवा, घड्याळाचा किंवा मोबाइलचा गजर लावा, घोट मोजणारे एखादे माणूस घरात नेमा, असे सल्ले दिले जातात. यांत नवे विज्ञान नाही. लक्ष्य गाठायचे तर जागेपणीचा जवळपास प्रत्येक तास त्यात धरावा लागतो, एवढाच त्यांचा अर्थ. आपल्याकडे तांब्याने, वरून धार धरून, घटाघट पाणी पिण्याची सवय असते. ती मोडण्याचा सराव शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू करावा, असे भारतातले आहारतज्ज्ञ आवर्जून सांगतात.

जेवण आणि पाणी यांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवण्याचा नियम सर्वांत ठामपणे सांगितला जातो आणि त्याचा आधार सर्वांत जास्त चर्चेत असतो. त्यामागची कारणे तीन : छोट्या पिशवीत दोन्ही एकदम मावत नाहीत आणि उलटी होते, पाण्याबरोबर अन्न लवकर खाली सरकते आणि पोट भरल्याची भावना टिकत नाही, बायपासमध्ये साखर वेगाने आतड्यात उतरली की डम्पिंग होते, म्हणजे धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब. पहिले कारण पहिल्या काही आठवड्यांसाठी बहुतेकांना पटते. दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणांसाठी पुरावा तुटपुंजा आहे. काही जण असाही प्रश्न विचारतात की दिवसाला सहा वेळा थोडे थोडे खाणाऱ्याने प्रत्येक वेळी आधी-नंतर अर्धा तास थांबायचे, तर पाणी प्यायला उरतो किती वेळ? त्यांच्या मते पुढच्या टप्प्यात हा नियम सैल करावा. जेवताना पाणी प्यावे की नाही, हा आपल्याकडे जुना प्रश्न आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही जेवणाआधी, मध्ये आणि शेवटी पाणी पिण्याचे वेगवेगळे परिणाम सांगितले आहेत. घरातल्या ज्येष्ठांच्या सल्ल्याचे मूळ बरेचदा तेथे असते. पण तो विचार अखंड जठराच्या माणसासाठी आहे, शस्त्रक्रियेनंतरच्या नियमाला त्याचा आधार देता येत नाही.

स्ट्रॉने पिऊ नये, कारण हवा पोटात जाते, हा सल्लाही सर्वत्र आढळतो. सोड्याच्या पेयांना मनाई असते, कारण वायूने पोट ताणते आणि दुखते. पहिल्या आठवड्यांत हे दोन्ही अनुभवाला पटणारे आहे. पण स्ट्रॉमुळे किंवा वर्षभरानंतर घेतलेल्या सोड्याने पिशवी कायमची मोठी होते, या दाव्याला भक्कम आधार नाही. काही रुग्णांना स्ट्रॉनेच पाणी जास्त जाते, अशा वेळी आहारतज्ज्ञ सूट देतात.

चहा-कॉफीबाबत मते बदलत आहेत. कॅफीनने लघवी वाढते म्हणून ही पेये हिशेबात धरू नयेत, असे पूर्वी सरसकट सांगत. २०१४मध्ये इंग्लंडमध्ये रोज कॉफी पिणाऱ्या पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासात माफक कॉफी आणि पाणी यांत शरीरातल्या पाण्याच्या दृष्टीने फरक आढळला नाही. मात्र ते पुरुष निरोगी होते. शस्त्रक्रियेनंतर जठराच्या अस्तराला त्रास, आम्लपित्त आणि लोहाच्या शोषणात अडथळा हे वेगळे मुद्दे आहेत. त्यामुळे बहुतेक केंद्रे पहिले काही आठवडे चहा-कॉफी बंद ठेवतात आणि पुढे मर्यादेत परवानगी देतात. अमृततुल्यचा साखर घातलेला कटिंग मात्र वेगळ्या कारणाने वर्ज्य ठरतो.

काय प्यावे : पाणी, ओआरएस, ताक, नारळपाणी

नुसत्या पाण्यापेक्षा थोडे मीठ आणि थोडी साखर असलेले पाणी आतड्यातून चांगले शोषले जाते. सोडियम आणि ग्लुकोज एकत्र शोषले जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग येते. याच तत्त्वावर १९७१मध्ये बोनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ओआरएसने असंख्य कॉलरारुग्णांचे प्राण वाचवले. २००२पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि ७५ मिलिमोल सोडियम असते. ही साखर फळांच्या रसापेक्षा किंवा खेळाडूंच्या पेयांपेक्षा बरीच कमी आहे.

शस्त्रक्रियेनंतर ओआरएस रोज द्यावे का, यावर दोन मते आहेत. एका गटाला ते पहिल्या आठवड्यात, उन्हाळ्यात, उलट्या किंवा जुलाब झाल्यावर उपयुक्त वाटते. अन्न घटल्याने मीठही घटलेले असते. अशा वेळी, विशेषतः लघवीची गोळी सुरू असताना, फक्त साधे पाणी भरपूर प्यायल्यास रक्तातले सोडियम उतरू शकते, याकडे हा गट लक्ष वेधतो. दुसऱ्या गटाला रक्तदाबाच्या रुग्णांत रोजचे जादा मीठ नको वाटते. ओआरएस गरजेपुरते ठेवावे आणि बाकी वेळ पाणी व पातळ ताक घ्यावे, असे त्यांचे मत. भारतात या वादाला आणखी एक पदर होता : ‘ओआरएस’ नावाने साखरेची पेये औषधांच्या दुकानांत विकली जात. ऑक्टोबर २०२५मध्ये अन्नसुरक्षा नियामक एफएसएसएआयने सूत्रात न बसणाऱ्या पेयांना हे नाव वापरण्यास मनाई केली. तरीही रुग्णाने वेष्टनावरचे प्रमाण पाहून घ्यावे, हे बरे.

मराठी घरातली पेये या चौकटीत कोठे बसतात? मीठ घातलेले पातळ ताक बऱ्याच जणांना पचते आणि त्यातून थोडी प्रथिनेही मिळतात. दूध न सोसणाऱ्यांनाही ते अनेकदा चालते. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम त्या मानाने कमी असते. म्हणून ते ओआरएसची जागा घेत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची गोळी सुरू असेल, तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. तांदळाची पातळ पेज, गाळलेले वरणाचे पाणी, साखर न घातलेले कोकम ही पहिल्या टप्प्यातली सोयीची पेये. तिखट आणि आंबट मात्र कमी हवे. उसाचा रस, आंब्याचे पन्हे, बाटलीतली सरबते यांतल्या साखरेने बायपासच्या रुग्णाला डम्पिंग होऊ शकते आणि स्लीव्हच्या रुग्णाच्या पोटात विनाकारण कॅलरी जातात.

२०१६मध्ये ब्रिटिश संशोधकांनी वेगवेगळी पेये शरीरात किती वेळ टिकतात हे मोजले. त्यात दूध आणि ओआरएस साध्या पाण्यापेक्षा सरस ठरले. हा निष्कर्ष शस्त्रक्रियेनंतरच्या पत्रकांतही उतरू लागला आहे. पण ते सारे निरोगी तरुण होते आणि त्यांनी अर्ध्या तासात लिटरभर पेय प्यायले होते. त्या वेगाने पिणे या रुग्णांना शक्यच नाही, त्यामुळे तो निष्कर्ष येथे जसाच्या तसा लागू करता येत नाही.

सलाईन : शस्त्रक्रियेच्या टेबलावर आणि नंतर

शस्त्रक्रियेदरम्यान किती सलाईन द्यावे, यावर भूलतज्ज्ञांची मते दोन टोकांमध्ये हेलकावत आली आहेत. एके काळी हात सैल सोडून सलाईन देत, कारण जड शरीराच्या दाबाखाली स्नायू चिरडून त्यातले घटक मूत्रपिंडांना इजा करतील, अशी भीती असे. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत किलोमागे १५ आणि ४० मिलिलिटर अशा दोन मात्रांची तुलना झाली. स्नायूंच्या इजेत फरक दिसला नाही. पुढे शस्त्रक्रियेनंतर लवकर सावरण्याचे ‘ईआरएएस’ कार्यक्रम आले. भुलीच्या दोन तास आधीपर्यंत पातळ द्रव घेऊ द्यावे, सलाईन मोजून द्यावे, मळमळ रोखणारी औषधे आधीच द्यावीत आणि काही तासांतच तोंडावाटे घोट सुरू करावेत, अशी त्यांची दिशा. २०१८मध्ये पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांच्या सुमारे ३,००० रुग्णांवरची ‘रिलीफ’ चाचणी आली. फार हात आखडून सलाईन दिलेल्या गटात मूत्रपिंडांना इजा ८.६ टक्के रुग्णांत झाली, तर सढळ गटात ५ टक्के. ती फक्त वजनाच्या शस्त्रक्रियांपुरती नव्हती, पण त्यानंतर कोणतेही टोक गाठू नये याकडे कल झुकला.

डिस्चार्जनंतरच्या सलाईनविषयी दोन धोरणे दिसतात. काही केंद्रे गरज पडली तरच देतात. काही धोका जास्त असलेल्यांना ठरल्या दिवशी बोलावून देतात, म्हणजे आपत्कालीन विभागात धाव घ्यावी लागत नाही. दुसऱ्या धोरणाने पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटते, असे त्याचे पुरस्कर्ते म्हणतात. यावरचा पुरावा मुख्यतः आधी-नंतरच्या निरीक्षणांचा आहे. विरोधक खर्चाचा आणि रुग्णाने तोंडावाटे पिण्याचा प्रयत्न सोडून देण्याचा मुद्दा मांडतात.

एका बाबतीत मात्र वाद नाही. सतत उलट्या होणाऱ्या रुग्णाला ग्लुकोजचे सलाईन लावण्याआधी थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, द्यायलाच हवे. शरीरातला त्याचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. थायमिनविना ग्लुकोज दिल्यास वेर्निकेचा मेंदूविकार ओढवू शकतो : नजर दुहेरी होते, तोल जातो, भान हरपते. वजनाच्या शस्त्रक्रियेची माहिती नसलेल्या गावाकडच्या दवाखान्यात हे सुटून जाऊ शकते. म्हणून शस्त्रक्रियेचे कार्ड खिशात बाळगा, असे रुग्णाला सांगतात.

ओळखायचे कसे

डिहायड्रेशनच्या नेहमीच्या खुणा येथे डॉक्टरांनाही चकवतात. चिमटीत धरलेली कातडी सावकाश मागे जाणे ही खूण झपाट्याने वजन घटलेल्या, कातडी सैल झालेल्या माणसात निरुपयोगी ठरते. लघवी गडद पिवळी दिसते, पण रोजच्या जीवनसत्त्वांच्या गोळीतल्या रायबोफ्लेविननेही ती तशी होते. रक्तातले युरिया वाढलेले असते, पण त्यामागे जास्त प्रथिनेही असू शकतात. म्हणून उभे राहिल्यावर चक्कर येते का, दिवसात किती वेळा आणि किती लघवी झाली, तोंड कोरडे पडते का, नाडी आणि उभ्याने मोजलेला रक्तदाब काय सांगतात, हे सारे एकत्र पाहायला लागते.

येथेच सर्वांत महत्त्वाची सावधगिरी आहे. नाडी मिनिटाला १२०च्या वर, ताप, पोटात किंवा खांद्यात दुखणे, धाप, असे काही असेल तर ‘पाणी कमी पडले असेल’ म्हणून सलाईन लावून घरी पाठवणे धोक्याचे ठरते. स्टेपलच्या रेषेतून गळती, आतला रक्तस्राव किंवा फुप्फुसातली गुठळी यांची सुरुवातही अशीच असते. काही आठवड्यांनी घोटही जाईनासा झाला, तर जोडणी किंवा नळी अरुंद झाल्याचा संशय घ्यावा लागतो. त्यावर उपाय दुर्बिणीतून होतो, नुसत्या सलाईनने नाही. दिवसभर काहीच पोटात टिकत नसेल किंवा लघवी जवळपास थांबली असेल, तर सकाळची वाट न पाहता शस्त्रक्रिया केलेल्या केंद्राशी बोलावे, यावर सर्व पत्रके एकमताने भर देतात.

अनुत्तरित प्रश्न

पहिला प्रश्न तहानेचा. शस्त्रक्रियेनंतर जीएलपी-१ हे संप्रेरक जेवणानंतर पूर्वीपेक्षा बरेच जास्त वाढते. याच संप्रेरकासारखी औषधे माणसाची पाण्याची इच्छा कमी करतात, असे काही चाचण्यांत दिसले आहे. मग शस्त्रक्रियेनंतर तहानच मंदावते का? तसे असेल तर ‘तहान लागली की प्या’ हा सल्ला येथे पुरणार नाही. या दुव्यावर थेट काम अजून थोडेच झाले आहे.

दुसरा प्रश्न शस्त्रक्रिया आणि औषध एकत्र येण्याचा. २०२५मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही याच प्रकारची वजन घटवणारी इंजेक्शने भारतात आली. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा वजन वाढलेल्यांना अशी इंजेक्शने दिली जाऊ लागली आहेत. उलट्या-जुलाबांतून पाणी घटून मूत्रपिंडांना इजा होण्याचा इशारा या औषधांच्या माहितीपत्रकांत आहेच. लहान जठर आणि मंदावलेली भूक हे दोन्ही एकत्र असलेल्या माणसाने किती आणि कसे प्यावे, याचे वेगळे नियम अजून तयार व्हायचे आहेत.

तिसरा प्रश्न उपवासाचा. रमजानचे रोजे असोत की हरितालिकेचा निर्जळी उपवास, शस्त्रक्रियेनंतर ते केव्हा सुरू करावेत? पहिले काही महिने टाळावेत, यावर बहुतेक सहमत आहेत. पुढे काही सर्जन सहा महिन्यांनी परवानगी देतात, काही वर्ष ते दीड वर्ष थांबायला सांगतात. हे आकडे प्रामुख्याने तज्ज्ञांच्या मतांवर उभे आहेत.

चौथा प्रश्न देखरेखीचा. २०१५मध्ये अमेरिकेत पुन्हा दाखल होणे घटवण्यासाठी ‘ड्रॉप’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात आधीचे शिक्षण, आहारतज्ज्ञांची भेट आणि डिस्चार्जनंतर ठरल्या दिवशी फोन अशा साध्या गोष्टी एकत्र बांधल्या होत्या. त्यातली नेमकी कोणती गोष्ट उपयोगी पडते, हे वेगळे काढणे कठीण आहे. मुंबई-पुण्यात शस्त्रक्रिया करून जळगावला किंवा लातूरला परतणाऱ्या रुग्णासाठी हा फोन कोणी करायचा, केव्हा करायचा आणि गरज पडल्यास जवळच्या कोणत्या दवाखान्यात पाठवायचे, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेले असेलच असे नाही.

आज चर्चा कोठे आहे

काही गोष्टी स्थिरावल्या आहेत : सावकाश घोट, लवकर सुरुवात, मळमळीवर आधीच उपाय, औषधांचा फेरविचार, ग्लुकोजआधी थायमिन, आणि वाढलेल्या नाडीकडे गांभीर्याने पाहणे. दीड लिटर, अर्धा तास, स्ट्रॉ आणि सोडा यांबाबतचे नियम व्यवहारात उपयोगी आहेत, पण त्यांमागचा पुरावा पातळ आहे. ते पाळताना रुग्णाच्या शरीराकडे आणि ऋतूकडे पाहून फेरफार करायला जागा ठेवावी लागते. पुढच्या संशोधनाला दिशा हवी असेल, तर ती उष्ण प्रदेशातल्या रुग्णांच्या प्रत्यक्ष नोंदींतून मिळेल : पहिल्या तीस दिवसांत किती द्रव गेले, किती लघवी झाली, कोणता फोन केव्हा झाला आणि परत यावे लागले का. या नोंदी ठेवायला महागडे यंत्र लागत नाही. प्रत्येक केंद्राने त्या एकाच नमुन्यात ठेवल्या, तर दीड लिटरच्या आकड्याला आपल्या हवेतला पुरावा मिळेल, किंवा त्याच्या जागी दुसरा आकडा येईल.